बाहीचं अक्षर

थोरल्या बहिणीच्या पत्राला दिगंबररावांनी उत्तर दिलंच नव्हतं. "दोन ओळी स्वतःच्या हातानं लिही," एवढंच अक्कानं मागितलं होतं.

पक्षाघातानंतर त्यांचा उजवा हात त्यावर चढवलेली एक यांत्रिक बाही हलवत होती. ती जेवू घालायची, त्यांच्याच जुन्या वळणदार अक्षरात लिहायची. सगळं बाहीच करते म्हटल्यावर ते व्यायाम टाळू लागले, गोळ्याही विसरू लागले.

आज रक्तदाब मोजणाऱ्या त्या बाहीनंच पक्षाघाताच्या दुसऱ्या झटक्याचा धोका असल्याचा इशारा दिला.

"तब्येत बाहीची सुधारली, काका, तुमची नाही," फिजिओथेरपिस्ट मृण्मयी म्हणाली. "आता तरी काढा ती."

काढल्यावर हात मांडीवर निपचित पडला. डाव्या हाताचा आधार देत, घामाघूम होत त्यांनी त्याच हातानं कागदावर कसंबसं 'अक्का' एवढंच लिहिलं.

पाकिटावरचा पत्ता मात्र पुन्हा चढवलेल्या बाहीनं लिहिला, जुन्या वळणाचा, सुबक. आतलं वेडंवाकडं अक्षरच भावाचं आहे हे अक्काला पटणार नव्हतं. तरी त्यांनी पत्र पेटीत टाकलं.