फोटोपुरते स्वयंसेवक

"आई, बाबा, नुसते फोटोपुरते याल का?"

वल्लरीनं एकदाचं विचारून टाकलं. पलीकडे सायकलींपाशी तिच्या तिघी मैत्रिणी खिदळल्या. हिंमत असेल तर विचार, असं त्यांनीच डिवचलं होतं.

शाळेच्या ग्रुपला ईस्ट कोस्टचा किनारा साफ करायला सरकारी निधी मिळाला होता. अट एकच, घरच्यांनीही यायचं. गेल्या रविवारी घरचे सोडा, ग्रुपमधलंच कुणी उगवलं नाही. वल्लरीसकट सगळ्या झोपल्या होत्या! आणि आता निधी देणाऱ्यांना त्या रविवारचा फोटो हवा होता.

"एवढंच ना?" आईनं कुर्त्यावरूनच ग्रुपचा निळा टी-शर्ट चढवला. "छान बसतोय गं!"

बाबा हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉलसमोर बसल्यापासून वल्लरीच्या कालच्या डिबेटचा व्हिडिओ बघत होता. विषय अमेरिकेतल्या कोर्टांचा. कंपनी सरकारला लुबाडतेय हे ज्याला दिसलं, त्या साध्या माणसानं सरकारच्या वतीनं खटला भरावा का? तिथल्या एका न्यायाधीशांनी अलीकडेच म्हटलंय, त्याला तो अधिकार नाही. इतर कोर्टं म्हणतात, आहे. वल्लरी 'आहे'च्या बाजूनं बोलली होती आणि जिंकली होती. मोबाइलमधली वल्लरी टेबलावर हात आपटून म्हणत होती, "ज्यानं पाहिलं, त्याला बोलू द्या!"

"बंद कर ना बाबा, पुरे ला!" शाळेत सगळ्यांच्या वाक्याशेवटी येणारा 'ला' तिच्याही तोंडून निघाला.

बाबानं मोबाइल ठेवला, टी-शर्ट घातला, केस सारखे केले. मग त्याच्यातला इंजिनिअर जागा झाला.

"हे बघ, कुणी विचारलं तर सगळ्यांचं एकच उत्तर हवं. मेधा, तू बाटल्या उचलल्यास. मी तुटकी जाळी."

"मी कशाला बाटल्या? मी स्ट्रॉ," आई म्हणाली.

"बरं, स्ट्रॉ. वल्लरी, आपण सकाळी आलो होतो की संध्याकाळी? भरती होती का? नीट सांगून ठेव. तुझ्यासाठी कुणालाही ठणकावून सांगू."

दोघं मजेत होते. तिच्याकडे कौतुकानं बघत होते. वल्लरीची नजर टेबलावरच्या मोबाइलकडे गेली.

"वल्लरी, फास्ट ला!" सायकलींपाशी उभ्या ऋचानं फोन उंच धरून हाक मारली.

"टी-शर्ट काढा," वल्लरी म्हणाली. "दोघंही."

"का गं? आम्ही तयार आहोत की."

"तेच तर! खोटं बोलायलासुद्धा तयार. सोमवारी मी ग्रुपच्या टीचरना, मिस टॅनना सांगणारे, रविवारी कुणीच आलं नव्हतं."

आईचा हात टी-शर्टच्या गळ्याशी थांबला. "या वर्षी कुठं मैत्रिणी झाल्यात तुला. बोलतील का मग?"

वल्लरीनं सायकलींकडे पाहिलं. तिला चक्क हसू आलं.

"माहीत नाही. पण माझं ठरलंय. सोमवारी पहिलं नाव माझं सांगणार. आणि या तिघींना ते आत्ता, तोंडावर सांगून येते."