माळावरचा ठिपका

मुलांनो, कल्पना करा, जगात पक्षी जवळजवळ उरलेलेच नाहीत. शाल्मलीच्या गावचा माळ तेवढा शिल्लक होता. तिथे एक जरी माळढोक दिसला तरी माळ वाचणार होता. नाहीतर उद्यापासून बांधकाम सुरू होणार होतं.

शाल्मलीने लांबून टिपलेला धूसर फोटो मावशीने पडद्यावर घेतला. कॉन्ट्रास्ट वाढवताच गवतातून काहीतरी पांढरं वर आलं.

“मावशी, मान! मान बघ!”

“नाचू नकोस गं, कडा तरी ठळक करू दे.”

कडा ठळक झाल्या. झुडपाला प्लास्टिकची पिशवी अडकली होती.

शाल्मलीने हात पुढे केला आणि पिशवीचा पुन्हा पक्षी होईपर्यंत फोटो धूसर करत नेला.