न फिरणाऱ्या तोफा

“दुसरा मार्गच नव्हता, वहिनी,” असे निवृत्त कॅप्टन वीस वर्षे सांगत आले होते. आज त्यांनी ती लढाई युद्धखेळाच्या पटावर मोजूनमापून मांडली, आपली बाजू वहिनींच्या हाती दिली आणि स्वतः शत्रूची घेतली.

“या तीन तोफगाड्यांची तोफ रणगाड्यासारखी फिरत नाही. नेम बदलायचा तर अख्खी गाडी वळवावी लागते,” त्यांनी समजावले. लढाईच्या दिवशी मात्र त्यांनीच या गाड्या रणगाड्यांसारख्या उघड्या मैदानातून पुढे धाडल्या होत्या. तिन्ही बाजूने गोळा बसून जळाल्या. एकीत त्यांचा थोरला भाऊ होता.

वहिनींनी तिन्ही गाड्या पटावरच्या वीटभट्टीच्या भिंतीआड लावल्या.

“अशा दडून बसलात तर हराल हं.”

“मान वळत नाही म्हणता ना? मग मैदानात कशाला मिरवू?”

कॅप्टनचे रणगाडे एकेक करून त्या तोफांच्या तोंडी आले आणि संपले. त्यांनी नियम दोनदा तपासले, चूक सापडेना. “नवशिक्याचे नशीब! पुन्हा मांडू,” म्हणत त्यांनी पटाकडे हात नेला.

 

वहिनींनी तो हात धरला. “राहू द्या, भावजी. या डावात तुमचे दादा घरी आलेत.”