माडीवरची खिडकी

पणजोबांनी बांधलेलं घर विकलं आणि तिथे व्हिएतनामी व्हीगन हॉटेल निघालं. त्याचे ऑफिसातले साहेब कट्टर व्हीगन, म्हणून छाप पाडायला स्वारी त्यांना तिथेच घेऊन गेली. जुनं घर बघायला आईही आली, पण जिना झेपेना म्हणून खाली अंगणातच बसली.

माडीवर, तांदळाच्या पापडीत गुंडाळलेला कच्चा पाला कसाबसा गिळत तो म्हणाला, "साहेब, याच खोलीत पालेभाज्या खाऊन लहानाचा मोठा झालो मी!"

साहेब खूश होऊन हात धुवायला गेले. त्याने उरलेली गुंडाळी गपकन खिडकीबाहेर भिरकावली.

साहेब परत येऊन टेकतात न टेकतात, तोच खालून आई कडाडली,

"मेल्या, पन्नाशी आली तरी भाजी खिडकीतूनच फेकतोस?"