शतावरीचं दुसरं वर्ष

फाइल घरात न्यायची नाही, हे त्याने दवाखान्याच्या पायऱ्या उतरतानाच ठरवलं. अवजारांच्या खोलीत खताच्या पोत्यामागे ती कोंबून, हात झटकत तो परसात आला.

बायको वाफ्याशी स्टुलावर बसून तण उपटत होती.

"मिळाले माझे रिपोर्ट? काय म्हणाले डॉक्टर?"

"अशक्तपणा आहे म्हणाले. वेळ लागेल, पण भरून निघेल."

"बघा, मी म्हणत नव्हते?" ती म्हणाली आणि पुन्हा तणाला लागली.

डॉक्टर म्हणाले होते, पाच महिने. फार तर सहा.

त्याची उभी हयात कोर्टात कारकुनी करण्यात गेली होती. मोठी थाप पचते, साक्षीदार अडकतो तो बारीकसारीक गोष्टीत, हे त्याने शेकडो वेळा पाहिलं होतं. म्हणून त्याने चोख बंदोबस्त केला. नव्या गोळ्या जुन्या शक्तीच्या गोळ्यांच्या डबीत भरल्या. लेकीला फोनवर दम दिला, "येशील तेव्हा हसत यायचं. रडायचं ते तिकडेच रडून घे."

"बाबा, आईला कळायला नको का?"

"नको. कळलं तर ती आजच हातपाय गाळेल. आहेत ते दिवस तरी तिला सुखाने जगू दे."

शतावरी म्हणजे बायकोचा जीव की प्राण. औषधाची नव्हे, भाजीची, कोवळे कोंब खातात ती. गेल्या साली तिने फूटभर खोल चर खणून घेतला होता आणि मुळांचे गड्डे, कोळी पाय पसरून बसावा तसे, स्वतःच्या हातांनी त्यात मांडले होते. यंदा बोटभर जाडीचे कोंब वर आले. शेजारीण सुरी घेऊनच आली. बायकोने तिला कुंपणावरूनच परतवलं.

"तिसऱ्या वर्षाआधी पातं लावायचं नाही. कोंबांचा पाला होऊ दिला तरच मुळं जोर धरतात. मग वीस वर्षं खा."

"वीस वर्षं? तोवर आपण उरणार का?"

"तुमचं तुम्ही बघा बाई. मी आहे!"

दोघी खळखळून हसल्या. तो पाण्याची झारी भरायला निघून गेला. झारी भरलेलीच होती.

"पुढच्या साली पहिली जुडी लेकीला पाठवू," ती संध्याकाळी म्हणाली.

"पाठवू की."

तीन आठवड्यांत स्टूल सुटलं, मग परस सुटलं. ती अंथरुणाला खिळली. तरी तोंडाचा पट्टा चालूच होता. पाणी घातलंत का, गोगलगायी वेचल्यात का, पाला वाऱ्याने आडवा होतोय का? तो रोज इमानेइतबारे अहवाल द्यायचा आणि तिला कशाचा संशय येत नाही म्हणून समाधानी व्हायचा.

मग तिचं अन्न तुटलं. चार दिवस तिने घासाला तोंड लावलं नाही. पेज तशीच परत, फळ तसंच परत. पाचव्या दिवशी सकाळी तो वाफ्यात गेला, तर उशिरा आलेले सहा कोंब उभे होते, हिरवेगार आणि ताठ. हे कुणासाठी राखायचं, असं त्याच्या मनात आलं. रडू फुटायच्या आत त्याने सुरी आणली.

त्याने कोंब वाफवले, वर लोणी आणि चिमूटभर मीठ घातलं. तिने एक तुकडा तोंडात घातला. मग दुसरा. त्याने ताटली तिच्या आणखी जवळ सरकवली.

"गोड आहे. बाजारातून आणलीत?"

"बाजार कसला! आपल्या वाफ्यातली. आत्ता कापली."

तिने एका कोंबाचं कापलेलं टोक निरखून पाहिलं आणि पुन्हा खाऊ लागली. सावकाश, शेवटच्या देठापर्यंत तिने सगळं संपवलं. कित्येक दिवसांनी तो मनापासून हसला. जमलं, असं त्याला वाटलं.

तिने ताटली बाजूला ठेवली. त्याचा हात ओढून आपल्या हातात घेतला आणि थोपटत राहिली, एखाद्या लहान मुलाची समजूत काढावी तशी.

"आता खरं सांगा," ती म्हणाली, "किती दिवस म्हणाले डॉक्टर?"