शांतवन मास्तरांची फिर्याद

पत्र तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर शांतवन मास्तरांनी भर दिवसा पुढच्या दाराला कडी घातली.

"कोण मेलं?" राहेलबाईंनी स्वयंपाकघरातून विचारले.

"अजून कोणी नाही," मास्तर म्हणाले.

बुधवारी सकाळी चर्चच्या दाराखालून कोणीतरी सरकवलेला तो वहीचा कागद होता. पेन्सिलीची ठसठशीत, कच्च्या वळणाची अक्षरे. शेवटची ओळ तर जागा न पुरल्याने कडेला चिणून बसवलेली. खाली नाव नव्हते.

'तुमची सगळी कामे मी जाणतो. तुम्ही जिवंत आहात असे लोक समजतात, पण तुम्ही मेलेले आहात. जागे व्हा. नाहीतर मी चोरासारखा येईन, आणि कोणत्या घटकेला आलो ते तुम्हाला कळणारही नाही.'

मास्तर एकतीस वर्षे चर्चच्या मंडळीचे पंच होते. पाळकसाहेब महिनाभरासाठी कोल्हापुरास गेल्यामुळे किल्ल्या सांभाळण्यापासून उपासना चालवण्यापर्यंतचा सारा भार सध्या त्यांच्याच शिरावर होता. आयुष्यात कोणाशी वाकडे शब्द झाले नव्हते. मंडळीही तशीच सालस. परीटघडीचे कपडे, ठरलेली गीते, वेळेवर आमेन. रविवार सकाळचा टीव्हीवरचा कार्यक्रम चुकू नये म्हणून नुकतीच उपासना अर्ध्या तासाने आखडली होती. त्यालाही कोणी हरकत घेतली नव्हती. अशा निरुपद्रवी माणसांवर कोणाचा डोळा असावा?

परंतु भयाचे खरे मूळ निराळेच होते. हे शब्द मास्तरांनी ऐकले होते. कोठे, कोणाच्या मुखातून, ते काही केल्या स्मरत नव्हते. मात्र त्या शब्दांमागचा स्वर कानांत स्पष्ट होता. शांत, सावकाश, रागाचा लवलेश नसलेला. संतापून दिलेली धमकी माणूस विसरून जातो. असा स्वर मात्र काळजात घर करून राहतो.

तीन दिवस त्यांना अन्न गोड लागले नाही. बाजारात पाठीमागे पावले वाजली की ते कडेला होऊन त्या माणसाला पुढे जाऊ देत. प्रार्थनेला बसले तरी डोळे मिटायचा धीर होईना.

शनिवारी दुपारी दुसरे पंच दावीदराव आले. कागद वाचून तेही पांढरे पडले.

"मास्तर, उद्या बायकापोरं आत बसलेली असताना कोणी बाहेरून दार लावून घेतलं तर?"

"उद्याची उपासना ठेवायचीच नाही."

"घंटा तरी?"

"घंटाही नको. ती ऐकूनच तो येईल."

मास्तरांच्या हयातीत चर्च रविवारी प्रथमच बंद राहणार होते. मग दावीदराव पुढे वाकून हळूच म्हणाले, "मला विचाराल तर हा केरू."

केरू अलोऱ्याकडचा. तिथल्या वीजप्रकल्पाच्या कॉलनीतले मजुरीचे काम संपल्यावर तो रत्नागिरीस आला आणि बाप्तिस्मा द्या म्हणून पंचांच्या मागे लागला. पंच नाताळनंतर बघू म्हणत, नाताळ झाला की ईस्टरनंतर. अशी दोन वर्षे गेली. तेवढ्या काळात त्याने चर्चची कौले शाकारली, आवारातले गवत काढले, आणि दर रविवारी तो दाराबाहेरच्या पायरीवर बसू लागला.

"आत बाक रिकामा असतो, तरी म्हणतो पायरीवर नीट ऐकू येतं," दावीदराव म्हणाले. "एवढं काय ऐकतो, देव जाणे. मास्तर, दोन वर्षं ताटकळलेला माणूस आहे. मनात अढी असणारच."

मास्तरांनी डोळे मिटून केरूचा आवाज आठवून पाहिला. शांत. सावकाश. जुळत होता.

पोलीस चौकीत सुलेमान हवालदारांनी कागद उलटसुलट करून पाहिला.

"फिर्यादीत केरूचं नाव घालतो मास्तर, पण एकदा घातलं की हा आत जाईल. गरीब माणूस आहे, जामीन राहायला कोणी नाही त्याला. तुमची खात्री आहे ना?"

क्षणभर मास्तरांच्या डोळ्यांपुढे शाकारलेली कौले आली. पण कानांतला तो स्वर अधिक जवळचा होता.

"खात्री आहे. ही वाणी मी माझ्या कानांनी ऐकली आहे," असे म्हणून त्यांनी सही केली.

केरूला आणले तेव्हा त्याच्या गुडघ्यांना चर्चच्या आवारातली माती लागलेली होती. हवालदारांनी कागद त्याच्यासमोर धरला.

"हे कोणी लिहिलं?"

"मीच लिवलंय, साहेब."

दावीदरावांनी मोठा श्वास सोडला. मास्तर नकळत एक पाऊल मागे सरकले.

"या लोकांना मारायचं मनात होतं तुझ्या?"

"मारायला?" केरू गोंधळून सगळ्यांकडे पाहू लागला. "मीच घाबरलोय, साहेब. ऐकल्यापासून जेवान जात नाय. अर्थ काय तो कळंना. पंचांना तोंडावर इचारायचा धीर नाय झाला. म्हटला, लिवून दाराखाली टाकावा, कोणतरी समजावून सांगतील. खाली 'म्हंजे काय' असा लिवायचा होता, पण कागद सरला."

हवालदारांनी कागद पुन्हा एकदा वाचला.

"ऐकल्यापासून म्हणतोस. कोणाकडून ऐकलंस हे?"

केरू मास्तरांकडे पाहत राहिला. थोरामोठ्यांचे नाव चौकीत घ्यावे की नाही, याचा त्याला संकोच वाटला असावा. मग हात जोडून तो हलकेच म्हणाला, "गेल्या ऐतवारी मास्तरांनीच नाय का वाचलानी, वेदीपाशी उभं राहून, पवित्र शास्त्रातून?"