चार सीटची बोट

चार जण भरल्याशिवाय बोट सुटणार नाही, असं काउंटरवरच्या माणसाने सांगितलं आणि रांगेतली एक म्हातारी हेमराजच्या कुटुंबात बसवून दिली.

पुढे हेमराज आणि त्याची सातवीतली लेक खुशबू, पायडलवर. मागे हेमराजची बायको पुनम आणि शेजारी ती म्हातारी, सुगंधाबाई. तिचा मुलगा, सून आणि नातवंडं समोरच्या बोटीत मावली होती, ती एकटी उरली होती.

सकाळी परकोट, म्हणजे शहराची जुनी तटबंदी, फिरून झाला होता. जटपुरा गेटसमोर तिघांचा फोटो झाला होता. आता तलाव. भेळ बाकी होती.

परकोटावर चालता चालता पुनमने विचारलं होतं, "वडस्याच्या नाटक कंपनीचा उद्या फोन येईन. यंदाच्या सीझनले जाऊ का नको? एकदाच सांगा."

"जा ना बिनधास्त. नाटकात काम करते, चोरी थोडी करते? मी लोकाईले भेत नाई."

तेव्हापासून पुनम हसत होती. फोटोतही हसली होती.

बोट हलली तशी म्हातारीने काठ घट्ट धरला.

"भिऊ नका आई," पुनम म्हणाली. "माझा हात धरा."

म्हातारीने हात धरला. मग सोडला. मान वाकडी करून पुनमकडे पाहिलं.

"बोल वं माय, अजून बोल जरा. हा आवाज मी आयकला हाय. तू नाटकातली होय ना? थे घराबाहेर काढलेली सून? आमच्या गावच्या मंडईच्या जत्रेत रातभर झालतं!"

खुशबूने मान वळवली.  पुनम हेमराजच्या पाठीकडे पाहत होती.

बोटीत ओळखीचं कोणी नव्हतं. काठावर नव्हतं. आख्ख्या तलावात नव्हतं.

हेमराज : (समोर पाहत) नाई वो आजी. तुमचा घोळ झाला. हे घरीच असते.

सुगंधाबाई : घरीच?

हेमराज : शिलाई करते.

(खुशबूचे पाय थांबतात.)

पुनम : हो आई. शिलाई करते.

सुगंधाबाई : दिसते त तशीच, बाप्पा. आवाज बी तोच.

(बोट तशीच तरंगते. हेमराज एकटाच पायडल मारू लागतो.)

सुगंधाबाई : आम्ही दोन पोते आंथरून बसलो होतो, पार समोर. थे पोरगी रडली न् आमचा आख्खा गाव रडला. माही सून तवा माहेरी धाडली होती मी. भांडन झालतं. सकाळी मी शामियान्यातून उठली, घरी गेली नाई, सरळ बस पकडली न् सुनेले घेऊन आली. थे पाय तिकडं, हिरव्या साडीतली.

(समोरच्या बोटीतून हिरव्या साडीतली बाई हात हलवते. पुनमही हात हलवते.)

पुनम : आम्ही नाई जात नाटकाले. तसल्या बायका वेगळ्याच असतात, आई.

म्हातारीचा चेहरा एकदम उतरला. तिने दोन्ही कानांना हात लावला.

"चुकलं वं माय. चांगल्या घरच्या बाईले नाटकवाली म्हणून बसली मी. राग नको मानू." मग पुढे वाकून हेमराजच्या खांद्याला हात लावला. "भाऊ, माफ करजो बाप्पा. बुढी हाय मी, दिसत नाई नीट."

"असू द्या, आजी," हेमराज म्हणाला. "होते कधी कधी."

त्याने माफ केलं. आपण माफ केलं हे त्याला बोट तीन-चार हात पुढे गेल्यावर कळलं. कानापासून मानेपर्यंत काहीतरी तापत गेलं. मागे वळून पाहावं असं वाटलं, पण आता मागे कोण बसलं असेल, याची त्याला खात्री नव्हती.

"आजी," खुशबू म्हणाली. ती बापाकडे पाहत होती. "ते नाटकातली सून काय म्हणते? सांगा ना."

"खुशबू, पायडल मार," हेमराज म्हणाला.

"मले आयकाचं हाय."

म्हातारी खुलली. पदर सावरला, बसल्या बसल्या ताठ झाली, आणि पुस्तकातली भाषा जपून जपून बोलू लागली.

सुगंधाबाई : "सासूबाई, लावा दार. मी रडणार नाही. मी काही मागणार नाही. पण ज्याच्या हाताला धरून मी या दारातून आत आले, तो माणूस…" (थांबते.) तो मानूस… काय होतं वं पुढं? तिथीच त टाळी पडली होती.



पुढचं वाक्य हेमराजला पाठ होतं. पोळ्या लाटताना पुनमचे हात पिठात असायचे, तेव्हा नाटकाच्या वहीचं पान तोच धरायचा. ती अडली की तोच सांगायचा. घरात एकच खोली होती. खुशबू त्याच खोलीत अभ्यास करायची.

सुगंधाबाई : (कपाळावर हात मारत) सांगा ना कोनी. जिभेवर हाय माह्या.

खुशबू : (बापाकडे पाहत) "तो माणूस…"

पुनम : (हेमराजच्या पाठीकडे पाहते.)

हेमराज : (पायडल मारतो.)